पहिलें सत्र

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना एक गोष्ट लक्षांत येते. नायक परदेशीं निघतो, बंदरावर त्याला निरोप दिला जातो, आणि पुढच्याच पानावर तो पदवी घेऊन उभा राहतो. मधले चार-सहा महिने चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकतो. वर्गांत इतिहास शिकवितां शिकवितां माझी मात्र अशी खात्री झाली आहे कीं, उच्च शिक्षणाला जाणाऱ्या तरुणाचें पुष्कळसें भवितव्य त्या दोन ओळींतच दडलेलें असतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कोलंबिया विद्यापीठांतील पहिल्या सत्राकडे या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

१९१३ च्या जुलै महिन्यांत भीमराव न्यूयॉर्कला उतरले, तेव्हां त्यांचें वय बावीस वर्षांचें होतें. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षीं २ फेब्रुवारीला निवर्तले होते; पत्नी रमाबाई व घरचीं माणसें मुंबईस होतीं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेली शिष्यवृत्ति दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षें संस्थानची चाकरी करण्याच्या करारावर ४ जून रोजीं सही झालेली. म्हणजे महिने मोजून मिळालेले होते.

आरंभ मात्र डळमळीत झाला. हार्टले हॉल या वसतिगृहांत तेथील अन्न मानवेना, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांनीं तें सोडलें. मग कॉस्मोपॉलिटन क्लबांत कांहीं काळ काढला, आणि शेवटीं लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर ते राहूं लागले. हा स्नेह जन्मभर टिकला.

जागेपेक्षां शिक्षणाची रीत अधिक परकी होती. १८५७ सालीं स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठ त्या वेळीं मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा स्वतःचा अध्यापन विभाग तेथें निघाला तो १९१९ सालीं. नेमलेलीं पुस्तकें वाचावीं, वर्षाअखेर उत्तरें लिहावीं, एवढेंच पदवीधराला ठाऊक. कोलंबियांत बर्जेस या अध्यापकानें १८८० मध्यें राज्यशास्त्राची जी शाखा उघडली, तिचा आदर्श जर्मन विद्यापीठांचा होता. तेथें विद्यार्थ्यानें विषय निवडावा, मूळ साधनें चाळावीं, आणि आपला निबंध अध्यापक व सहाध्यायी यांच्यापुढें वाचून त्यांच्या आक्षेपांस उत्तर द्यावें अशी अपेक्षा असे. आज काय वाचावें हें सांगणारा कोणी नाहीं, ही मोकळीक नवख्याला प्रथम वरदान वाटत नाहीं, तो गोंधळतो.

भीमरावांच्या बाबतींत मोकळीक या शब्दाला आणखी एक अर्थ होता. साताऱ्याच्या शाळेंत त्यांनीं घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळें बसावें, आणि शिपाई हजर असेल तरच त्यानें पाणी द्यावें, असा दंडक होता. मुंबईंत हायस्कुलांत संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्यांना फारशी घ्यावी लागली. तोच तरुण आतां सर्वांबरोबर एका मेजावर जेवत होता आणि एका बांकावर बसत होता. चरित्रकार सांगतात कीं, पहिले कांहीं महिने मित्रमंडळी, खेळ आणि गप्पा यांतच गेले. पुढें आपल्यावरील जबाबदारीच्या विचारानें ते अस्वस्थ झाले, आणि त्यानंतर रोज अठरा तास अभ्यास करूं लागले.

हे अठरा तास आपण मुलांना मोठ्या उत्साहानें सांगतों. मींही सांगितले आहेत. माझा एक विद्यार्थी, गांवांतला पहिलाच पदवीधर, दूरच्या विद्यापीठांत पुढील शिक्षणासाठीं गेला आणि दिवाळीला परत आला तो, मन लागत नाहीं, आतां जात नाहीं, असें म्हणत. मीं त्याला अठरा तासांची गोष्ट ऐकविली. त्यानें मान खालीं घालून ती ऐकली, नमस्कार केला, आणि तो पुन्हां गेला नाहीं. गोष्टीचा पूर्वार्ध, म्हणजे ते न लागलेल्या मनाचे महिने, मीं त्याला सांगितलाच नव्हता. त्याला धीर हवा होता. माझ्या बोलण्यानें त्याची लाज मात्र वाढली.

ते महिने वायां गेले असें मला वाटत नाहीं. बरोबरीनें वागविलें जाण्याची ज्याला कधीं संवयच नव्हती, त्याला ती करून घेण्यास कांहीं दिवस लागणारच. आळसाची तरफदारी मी करीत नाहीं. करार, मुदत आणि दूर राहिलेलें घर यांचा विसर भीमरावांना पडला असता तर पुढचें कांहींच घडलें नसतें. परंतु त्यांचा निश्चय आला तो मन स्थिरावल्यावर, धाकानें नव्हे.

त्यानंतरची गति सर्वांस ठाऊक आहे. अर्थशास्त्राबरोबरच इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचे वर्ग त्यांनीं केले. १९१५ मध्यें प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधासह एम. ए. झाले, आणि ९ मे १९१६ रोजीं गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गांत जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध त्यांनीं वाचला. ज्या रीतीनें पहिल्या सत्रांत नवख्याला बावरून जावें, तीच आतां त्यांचें शस्त्र झाली होती.

१९३० सालीं त्यांनीं कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांत आपल्या आयुष्यांतील उत्तम स्नेह्यांचा उल्लेख केला. त्यांत ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन या गुरुजनांचीं नांवें आहेत. पण त्यांच्याही आधीं स्मरण आहे तें सहाध्यायांचें. माझा तो विद्यार्थी आज समोर आला, तर मी त्याला प्रथम विचारीन, ‘तिथें तुझ्याशीं बोलायला कोणी होतें का रे?’