‘पेरा’पासून ‘थांबा’पर्यंत

सरकारचा माणूस वसुलीशिवाय दुसऱ्या कशासाठी बांधावर येऊ शकतो, हे आमच्या आबांना पटायला बरीच वर्षं लागली. आताच्या जालना जिल्ह्यातलं आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. सरकार म्हणजे पटवारी आणि गिरदावर. लेव्हीचं धान्य मोजून नेणारे. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य गेलं. 1953 मध्ये देशात राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली आणि त्यानंतर कधीतरी सायकलला पिशवी अडकवून एक तरुण ग्रामसेवक गावात आला. आबा सांगत, “पारावर बसला आन म्हणला, मी तुमाला शेती सांगाया आलो. म्हातारे एकमेकांकडं बघाया लागले. त्याच्या हाताला घट्टा नव्हता.”

तो काय सांगायचा, असं विचारलं की आबा एका शब्दात उत्तर द्यायचे : “पेरा.” हे बी पेरा, हे खत पेरा, ओळीत पेरा. त्या काळाची गरजच तशी होती. देशाला धान्य हवं होतं आणि सल्लागाराची झोळी नव्या बियांनी भरलेली होती.

पाऊस कमी पडेल हे गृहीत धरून शेती कशी करायची, याचा सरकारी अभ्यास त्याआधीच सुरू झाला होता. पण सरहद्दीपलीकडे, मुंबई इलाख्यात. 1923 साली पुण्याजवळच्या मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. ना. वि. कानिटकर हे त्यातलं मोठं नाव. पुढे सोलापूर आणि विजापूरला हेच काम वाढलं. बांध घाला, शेणखत द्या, बी कमी टाका, ओळींत अंतर ठेवा, कोळपणी करत राहा आणि जमिनीतली ओल जपा, असा त्याचा गाभा. निजामाच्या मुलखातल्या आमच्या गावाला याचा पत्ताही नव्हता. तरी आबांची पेरणी त्याच्या फार लांब नव्हती. ज्वारीच्या तासांमध्ये तुरीचं इरवड, कडेला अंबाडी, हलक्या तुकड्यात मूग-उडीद. एक गेलं तर दुसरं हाताशी. याला जोखीम वाटून घेणं म्हणतात, हे आम्ही पुढे पुस्तकात वाचलं.

मग हायब्रीड आलं. संकरित ज्वारीचा ‘सीएसएच-1’ हा वाण 1964 सालचा. उंचीला बुटका, दाण्याला भारी, शंभरेक दिवसांत हाती येणारा. पाऊस लवकर संपला तरी घरात दाणा येतो, हा त्याचा गुण आबाही कबूल करायचे. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. “गावरान जवारीला अक्कल हाये. पानी सरल्याबिगर ती निसवत नाही.” मला हे म्हाताऱ्या माणसाचं कौतुक वाटायचं. त्यामागचं शास्त्र नंतर समजलं. खरिपाची देशी ज्वारी दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस आखडू लागल्यावर ती निसवते, म्हणून दाणा भरतो तो पाऊस ओसरताना. हायब्रीड दिवस मोजून पिकतं. त्याच्या पक्व होण्यात आणि पावसाच्या परतण्यात काही बोलणं झालेलं नसतं. कणीस तयार झालं आणि सप्टेंबरात झड लागली की दाण्यावर बुरशी चढते, ज्वारी काळी पडते. वाण दुष्काळातून सुटला तो भिजण्यात सापडला. हवामानाशी जुळवून घेणं म्हणजे एका धोक्यातून दुसऱ्या धोक्यात पाय ठेवणं नव्हे, हा धडा आमच्या घरानं काळ्या भाकरीतून घेतला.

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट मात्र आजीची. ती खडी फोडायला गेली, बांधाच्या कामावर घमेली वाहिली, सुकडी खाल्ली, रेशनवरची लाल मिलो भरडून पोरांना घातली. हे सगळं मराठवाड्यातल्या घराघरांत सांगितलं जातं. आजी त्यात एक माणूस जोडायची. कामावर कृषी खात्याचा एक जण यायचा, पातळी बघायच्या यंत्राला डोळा लावायचा आणि उतारावर चुन्याची आडवी वाकडी रेघ मारायचा. “आमाला वाटायचं, सरळ मारता येत न्हाई का ह्याला?” ती समपातळी रेषा होती. पुढच्या पावसाळ्यात त्या वाकड्या रेघेच्या बांधाला शेवटपर्यंत पाणी टेकलेलं आजीनं पाहिलं. ग्रामसेवकाचं ऐकून तिनं कधी काही केलं नाही. पण या चुनावाल्यावर तिचा विश्वास बसला, कारण त्याचं बोलणं तिला जमिनीवर दिसलं. राज्यातल्या रोजगार हमीचं बळ या कामांतूनच वाढलं आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. परभणीचं कृषी विद्यापीठही 1972 सालचंच. मराठवाड्याच्या काळ्या मातीसाठीचा सल्ला आता मराठवाड्यात तयार होऊ लागला.

ऐंशीच्या दशकात माझे मामा कृषी सहायक झाले. तेव्हा ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना होती. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाची ही पद्धत जागतिक बँकेच्या पैशातून अनेक देशांत पोहोचली होती. पंधरवड्याला प्रशिक्षण घ्यायचं, ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचं, निवडक संपर्क शेतकऱ्यांना भेटायचं आणि त्यांनी ते पुढे सांगायचं. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली. वरून आलेला एकच निरोप हलक्या रानालाही आणि भारी रानालाही. संपर्क शेतकरी बहुधा गावातलेच वजनदार. मामांना हे मान्य असायचं. तरी ते म्हणायचे, “वार ठरलेला होता रे. मागच्या बुधवारी मी जे सांगितलं, ते फसलंय का पिकलंय हे पुढच्या खेपेला डोळ्यानं बघावंच लागायचं. शिव्या खायलाही मीच, चहा प्यायलाही मीच.” पुढे पैसा आटला, वार मोडले, कागद वाढले.

मामांची खरी कसोटी 2012 मध्ये लागली. जालना मोसंबीचा जिल्हा. विहिरी बसल्या, लोक टँकर विकत घेऊन झाडांच्या आळ्यात ओतू लागले. अशा वेळी मामा सांगत फिरले : फळं तोडून टाका. झाडावरचा भार उतरवा, हलकी छाटणी करा, आळ्यात पाचट-भुसा अंथरा, झाडाशेजारी मडकं पुरून झिरपत्या पाण्यावर ते जगवा. औंदा पीक सोडा, झाड वाचवा. लिंबाएवढी झालेली फळं स्वतःच्या हातानं तोडायला सांगणं सोपं नव्हतं. काहींनी ऐकलं. कित्येक बागांवर शेवटी कुऱ्हाडच चालली.

त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंची गावात द्राक्षबागा उभ्या होत्या. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र 1983 सालचं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांच्या या केंद्रातल्या कामातून, इंडो-जर्मन कार्यक्रमाच्या मदतीनं, कडवंचीत नव्वदच्या दशकापासून पाणलोटाची कामं झाली. मागून शेततळी आली. बागा तगल्या त्या ऐनवेळी मिळालेल्या सल्ल्यामुळे नाही. आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती आणि पाणी अडवण्याचं काम झालं आणि सल्ला देणारे त्यानंतरही गावात येत राहिले. दुष्काळ पडल्यावर दिलेला सल्ला उपचाराचा असतो. जुळवून घेण्याचा सल्ला पाऊस चांगला असतानाच द्यावा लागतो.

आता प्रश्न नुसता कमी पावसाचा राहिलेला नाही. मृगात दोन सरी येतात, मग आभाळ पंधरा-वीस दिवस कोरडं, मग एका रात्रीत रान वाहून जाईल इतकं पाणी. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी उभा गहू, हरभरा, द्राक्षं झोडपली. नक्षत्रं आणि त्यांची वाहनं आबांना तोंडपाठ होती. त्यांचा मेळ बसेनासा झाला. म्हणून आजच्या सल्लागाराच्या तोंडी सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द आहे ‘थांबा’. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका. ओल वरवरची असेल तर बी उगवतं आणि खंड पडला की करपतं. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा, खताचा, मजुरीचा दुहेरी खर्च.

‘पेरा’ ऐकणं सोपं. ‘थांबा’ ऐकायला छाती लागते. गेल्या काही वर्षांत गावात शेतीशाळा भरू लागल्या. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प 2018 पासून हवामानाशी जुळवून घेण्यासाठीच आहे आणि शेतीशाळा हे त्याचं एक अंग. तिथं आमच्या गावच्या कृषी सहायक ताईंना एका काकांनी विचारलेलं मला आठवतं, “ताई, शेजाऱ्यानं पेरलं. मी थांबलो आन पाऊस लागून बसला, वापसाच झाला नाही, तर?” ताईंनी मोबाईल पुढे केला नाही. त्या म्हणाल्या, “काका, वीतभर उकरा. खालची माती मुठीत दाबून बघा. खाली कोरडी लागली तर शेजाऱ्याचं सोडा.” मग त्यांनी ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडायला लावले. सत्तरच्या पुढे उगवले तर घरचं बी चालतं. कमी उगवले तर त्या मानानं बियाणं वाढवायचं. मागं बसलेली एक आजीबाई म्हणाली, “हे तर आमी चिंधीत बांधून करायचो.” ताई म्हणाल्या, “मग आजी, पुढं या, तुम्हीच दाखवा.”

पेरायचं तेही सपाट नाही, रुंद वरंब्यावर. दोन्ही बाजूंच्या सऱ्या पाऊस जास्त झाला तर पाणी काढून देतात आणि कमी झाला तर ओल धरतात. काळ्या जमिनीत पाणी साचणं आणि भेगा पडणं, या दोन्हींवर हा एकच उपाय लागू पडतो. सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर घ्या, असंही ताई सांगतात. आबांचं इरवड असं शिफारस होऊन घरी परत आलं.

पण ताईंचा किती वेळ बांधावर जातो? एकेकीकडे अनेक गावं. गारपीट, अतिवृष्टी झाली की पंचनामे. 33 टक्के किंवा जास्त नुकसान भरपाईला पात्र, म्हणून शेतागणिक नोंद. जोडीला अनुदानाचे ऑनलाइन अर्ज, फोटो, आधार जोडणी. हवामान जितकं बिघडतं तितकी सल्लागाराची गरज वाढते आणि नेमका तेवढाच तो कागदात अडकतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका मोबाईलवर येऊन पडते. तिचा अर्थ स्वतःच्या रानाला लावून देणारं माणूस मिळत नाही. मोकळी राहिलेली जागा औषध-बियाण्याच्या दुकानातला काउंटर भरून काढतो. तो दिवसभर उघडा असतो, उधारी देतो, आणि ‘थांबा’ म्हणण्यात त्याचा काही फायदा नसतो.

निवृत्त मामांना याबद्दल विचारलं तर ते चिडत नाहीत, हिशोब मांडतात. त्यांच्या मते ‘थांबा’ म्हणणाऱ्यानं सोबत दोन गोष्टी द्यायला हव्यात. पहिली, थांबून वेळ गेली तर पुढं काय, याचं उत्तर : जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडदाचा नाद सोडा, महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडीकडे वळा आणि ते बी तालुक्याला तयार ठेवा. दुसरी, परत येण्याचा वार. “सल्ला चुकला तर लोक सांभाळून घेतात. चुकल्यावर माणूस दिसला नाही की मग त्याचं कुणी ऐकत नाही.”

मला यात तिसरी गोष्ट घालावीशी वाटते. घाईनं पेरून बी करपलं तर निदान पंचनाम्याची मागणी तरी करता येते. शहाणपणानं थांबलेल्याच्या बुडालेल्या दिवसांची नोंद कुठल्याच रकान्यात नसते. जोवर थांबण्याची जोखीम एकट्या शेतकऱ्याच्या पदरात आहे, तोवर मृगाची पहिली सर आली की तो शेजाऱ्याकडे बघूनच तिफण जुंपणार, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार सल्ला देणाऱ्याला नाही.