छप्पर पडले की उतरवले?

१/७
इंग्लंडमधील यॉर्कशरमध्ये रिव्हो नावाचा मठ आहे. स्थापना ११३२ ची. उंच भिंती आणि कमानी अद्याप उभ्या आहेत. डोक्यावर छप्पर मात्र नाही. काळाच्या ओघात ते कोसळले असावे, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात ते उतरवले गेले, आणि तेही त्यावरील शिशासाठी.

२/७
त्या काळी मोठ्या चर्चचे छप्पर शिशाने मढवीत. वितळलेले शिसे वाळूच्या सपाट थरावर ओतून जाड पत्रे तयार करीत आणि लाकडी फळ्यांवर अंथरून ठोकून बसवीत.

३/७
खरे कसब जोडांत होते. शिसे उन्हात प्रसरण पावते, थंडीत आकसते. पत्रा चारही बाजूंनी खिळ्यांनी जखडला, तर तो कालांतराने फाटतो. म्हणून पत्रे लहान ठेवीत, खिळे केवळ वरच्या कडेला मारीत आणि शेजारच्या पत्र्यांच्या कडा गोलसर लाकडी पट्टीवरून एकमेकींवर दुमडीत. पाणी आत येत नसे आणि पत्र्याला हालचालीस वाव राही.

४/७
हवेत शिशावर करडा थर चढतो व तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. असे छप्पर शंभर वर्षांहून अधिक टिकू शकते. जीर्ण झाल्यास तेच शिसे वितळवून नवे पत्रे ओतता येतात. हा गुणच मठांच्या मुळावर आला.

५/७
१५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ बरखास्त केले. रिव्हो १५३८ मध्ये. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे लाकडाच्या जाळावरही वितळते. अनेक ठिकाणी मठाच्याच लाकडावर ते वितळवून ठोकळे ओतले गेले. ते राजाच्या मालकीचे झाले.

६/७
उघड्या भिंतींत पाऊस मुरला, चुना सुटत गेला. छपराविना मठ पुन्हा नांदणेही अशक्य झाले.

७/७
विसाव्या शतकात रिव्होच्या ढिगाऱ्याखाली राजचिन्हांकित शिशाचे ठोकळे सापडले. ते कधी नेलेच गेले नव्हते! त्यांतील शिसे यॉर्क मिन्स्टरच्या ‘फाइव्ह सिस्टर्स’ खिडकीच्या काचा जोडण्यासाठी वापरले गेले. १९२५ मध्ये ती खिडकी पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या स्त्रियांच्या स्मृतीस अर्पण झाली.

यापुढे छप्पर नसलेली कोणतीही वास्तू पाहाल, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा : हे छप्पर पडले, की कुणी उतरवले?