टोकावरचे अणू

देवणी म्हटलं की आधी बैल आठवतो. पण बैलामागे फाळ आणि फाळामागे लोहार. तापून लाल झालेलं टोक तो पाण्यात बुडवतो, ते चर्र करतं आणि कडक होतं. यालाच 'पाणी देणं' म्हणतात. नुसतं पाणी दिलेलं टोक मात्र दगडाला लागताच उडतं, म्हणून ते पुन्हा जरा शेकायचं. किती, ते रंगावरून.

त्या वेळी पोलादाच्या पोटात काय घडतं, हे दिसायला फार वर्षं गेली. शेफिल्डच्या हेन्री सॉर्बीनं 1863 च्या सुमारास पोलाद घासूनपुसून, आम्लानं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा कण दिसले. अणू दिसणं शक्यच नव्हतं; प्रकाशाची लहर दोन अणूंमधल्या अंतराच्या हजारोपट लांब. 1912 नंतर क्ष-किरणांनी मांडणी सांगितली, पण ती असंख्य अणूंची सरासरी.

भौतिकशास्त्रज्ञ एर्विन म्यूलरनं प्रकाशाचा नादच सोडला. टंगस्टनची अतिसूक्ष्म अणकुचीदार सुई, भोवती विरळ हेलियम आणि सुईवर हजारो व्होल्टचा धन दाब. टोकावर जिथे अणू जरा वर आलेला, तिथे हेलियमचा इलेक्ट्रॉन ओढला जातो आणि उरलेला आयन सरळ पडद्यावर आदळतो. अणूगणिक एक ठिपका. युक्ती 1951 ची, पण ठिपके पुसट यायचे. सुई द्रव नायट्रोजननं गार केल्यावर हेलियमची आडवी धावपळ कमी झाली आणि 11 ऑक्टोबर 1955 ला पेनसिल्व्हेनियात एकेक अणू स्पष्ट दिसला. सोबत होता म्यूलरचा भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर. 1956 च्या शोधनिबंधावर दोघांची नावं आहेत. गोष्ट सांगताना दुसरं गाळायचं कारण मला दिसत नाही.

लोखंड इतकं सोशीक नाही. हेलियमला लागणाऱ्या दाबात त्याचेच अणू उपटून निघतात, म्हणून तिथे निऑन वापरावा लागला. पण म्यूलरनं या खोडीचाच उपयोग केला: 1967 मध्ये निघालेल्या अणूचा उड्डाणकाळ मोजून तो कोणत्या मूलद्रव्याचा, हे ओळखणारं 'अॅटम प्रोब' आलं. पाणी दिलेल्या पोलादात लोखंडाच्या जाळीत अडकून पडलेला कार्बन, शेकल्यावर जाळीतल्या दोषांपाशी गोळा होणारा कार्बन, दोन्ही यानं दाखवले. असं यंत्र आज आयआयटी मद्रासमध्ये आहे. त्यात पाहिलेला नमुना मात्र परत मिळत नाही. मोजता मोजता तो थराथरानं उडून जातो.