मॅट्रिकचा उंबरठा आणि समाजाची वसतिगृहे

जून महिना जवळ आला की आपल्या ट्रस्टच्या कार्यालयात येणाऱ्या पालकांच्या मुखी एकच प्रश्न असतो : मुलाला कोणत्या शाळेत घातले असता पुढे उत्तम महाविद्यालयाचे दार उघडेल? सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने केली, तेव्हा या प्रश्नाचाच इतिहास समाजबांधवांपुढे मांडावा असे वाटले.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याने पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली. ही शाळेची परीक्षा नव्हे, तर विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच होती. त्यामुळे शाळेची निवड म्हणजे जवळजवळ विद्यापीठाचीच निवड ठरे. त्या पहिल्या तुकडीतील न्यायमूर्ती रानडे कोल्हापुरात शिकत होते. परंतु मॅट्रिकसाठी वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये जावे लागले.

पुढे १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आदी मंडळींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल ही खाजगी शाळा काढली. सरकारी चाकरी सोडून शाळा काढणे हे त्या काळी धाडसच होते. वामन शिवराम आपट्यांसारखे संस्कृतज्ञ तेथे शिकवू लागले. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणात खाजगी प्रयत्नांना अनुदानाद्वारे उत्तेजन द्यावे असे सुचविले आणि अशा शाळांची वाट अधिक रुंद झाली.

परंतु पुण्यात शाळा निघाल्याने सांगली-कोल्हापूरकडील आपल्या शेतकरी किंवा वाणी कुटुंबातील मुलाचे काय झाले? शाळा शहरात, मूल खेड्यात. फीपेक्षाही कठीण प्रश्न राहण्या-जेवण्याचा होता. मूल परगावी पाठवावे, तर सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांचा त्याग हे कोण सांभाळणार? मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची आख्यायिका येथे आठवते. प्रेमचंद रायचंद यांच्या वृद्ध, दृष्टिहीन मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी म्हणून तो मनोरा उभा राहिला, असे सांगतात. विद्यापीठाला मनोरा देणाऱ्या समाजाची खेड्यांतील मुले मात्र त्याच विद्यापीठाच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचत होती.

हे अंतर कमी केले ते वसतिगृहांनी. मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी जैन बोर्डिंगची चळवळ हाती घेतली. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. पुढे कोल्हापुरात, राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांना आश्रय दिला त्या काळातच, दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाचे कार्य सुरू झाले. नावात ‘विद्यालय’ असले तरी मुख्य कार्य महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या निवासाचे. शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने अशा खोल्यांनी दिले, हे माझे स्पष्ट मत आहे.

या गौरवगाथेत एक प्रसंग मात्र झाकून ठेवता येत नाही. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिकत आणि जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर, स्नान करूनच भोजनगृहात या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या छताने मॅट्रिकचा मार्ग मोकळा करायचा, तेच छत असे काढून घेतले गेले. भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत जेवू घातले. आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालयही काढले. पुणे विद्यापीठाने १९५९ साली त्यांना डी. लिट. ही पदवी अर्पण केली. आपण त्यांचा अभिमानाने उल्लेख करतो, तेव्हा त्या नाकारलेल्या पानाचाही उल्लेख करावा.

शाळेत कोणते विषय आहेत, यालाही महत्त्व होते. अर्धमागधी शिकविणारी शाळा मिळाली, तर आपल्या आगमांची भाषा परीक्षेचा विषय होई आणि पुढे राजाराम कॉलेजात १९३० पासून डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्यासारखे प्राध्यापक लाभत. मुलींच्या वाट्याला हे फारच उशिरा आले. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला; परंतु मुलांच्या बोर्डिंगांच्या मानाने अशी ठिकाणे थोडीच होती.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे गेली. १९७५ पासून दहावीचा नवा आकृतिबंध आला. आता वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश मुख्यतः नीट, जेईई, सीईटी या परीक्षांवर ठरतात. म्हणून केवळ शाळेच्या नावावर पूर्वीइतके अवलंबून राहता येत नाही. २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागांकडेही पालकांचे लक्ष वळले. तथापि मुले तयारीसाठी लातूरला, कोट्याला जातात, तेव्हा प्रश्न पुन्हा खोलीचा आणि जेवणाचाच होतो. आमच्या कार्यालयात शाळेची चौकशी करणारे पुष्कळ येतात. मुलीला परगावी ठेवावयाचे आहे, सोय होईल का, असे विचारणारे पालक मात्र अजून थोडेच आहेत.