कुलपें किती लावावीं?

संगणकांत ठेवलेलें आपलें धन आणि आपलीं गुपितें राखण्यासाठीं सामान्य मनुष्यानें किती श्रम करावे, हा प्रश्न नवा वाटला तरी त्याचें मूळ जुनें आहे. घराला कुलूप लावणाऱ्या प्रत्येकास तो पडलेला असतो. लंडनच्या पिकॅडिलींत ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत १७९० सालापासून एक कुलूप मांडलेलें असे. किल्लीवांचून तें उघडणारास २०० गिनींचें बक्षीस लावलेलें होतें. १८५१ सालीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें तें उघडलें. पण त्यासाठीं त्याला १६ दिवसांत मिळून सुमारें ५१ तास खपावें लागलें. अजिंक्य कुलूप जगांत नाहीं, हा यांतील एक धडा. दुसरा धडा असा कीं, कोणाच्या दारीं ५१ तास खटपट करीत बसण्यास चोराला सवड नसते. कुलपाचें बळ चोराच्या वेळेनें मोजावयाचें असतें.

संगणकाच्या बाबतींत मात्र हें माप बदलतें. येथला चोर यंत्राकरवीं असंख्य दारें एकाच वेळीं ठोठावतो. तेव्हां ‘आपल्यासारख्या गरिबाकडे कोण येणार?’ हें समाधान फोल ठरतें. बेल प्रयोगशाळेंतील मॉरिस आणि टॉम्प्सन या शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ३,२८९ पासवर्डांची छाननी आहे. त्यांतील ८६ टक्के अगदीं तोकडे किंवा कोशांत सांपडणारे, म्हणजे यंत्रास सहज ओळखतां येणारे निघाले.

अशा शोधांमुळें सारा दोष सामान्य मनुष्याच्या माथीं मारणें सोपें झालें. पासवर्डांत अक्षरें, अंक व चिन्हें यांची मिसळ असावी आणि तो वरचेवर बदलावा, या शिकवणीस अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००४ सालच्या मार्गदर्शिकेनें मोठें बळ दिलें. लोकांनीं ती आपल्या परीनें पाळली. म्हणजे जुन्याच शब्दापुढें एक आंकडा जोडला, आणि पुढच्या खेपेस दोन! २०१७ सालीं त्याच संस्थेनें हे दोन्ही नियम मागें घेतले, आणि मूळ लेखक बिल बर यांनीं जाहीरपणें खेद व्यक्त केला. त्यापूर्वींच, २००९ सालीं, कॉर्मॅक हर्ली या संशोधकानें दाखवून दिलें होतें कीं, असे उपदेश करणारे लोकांच्या वेळेची किंमत शून्य धरतात. जेथें टळणाऱ्या हानीपेक्षां श्रमच अधिक, तेथें उपदेश न ऐकणें हा मूर्खपणा नसून व्यवहार आहे.

म्हणून हात जोडून स्वस्थ बसावें काय? २०१७ सालचींच दोन उदाहरणें याचा निर्णय करण्यास पुरेशीं आहेत. त्या वर्षींच्या १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाची कीड जगभर पसरली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचें काम तिनें अडवून धरलें. ज्या भगदाडांतून ती शिरली, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसविली, त्यांच्याकडे ती वाट बंद झालेली होती. येथें थोडक्या श्रमांचें फळ मोठें होतें.

उलट, त्याच वर्षीं इक्विफॅक्स या पतनोंदणीच्या कंपनींतून सुमारें १४.७ कोटी अमेरिकनांची खासगी माहिती चोरीस गेली. यांतील पुष्कळांनीं या कंपनीशीं स्वतः होऊन कधीं व्यवहारही केला नव्हता! कंपनीनें आपल्याच यंत्रणेची दुरुस्ती करावयाची राहूं दिली होती. अशा ठिकाणीं नागरिकाची दक्षता काय कामाची?

यावरून दोन वांटे स्पष्ट होतात. यंत्राची दुरुस्ती आली कीं ती बसविणें. टपाल आणि बँक यांचे पासवर्ड लांब व निरनिराळे ठेवणें, मग ते घरच्या वहींत लिहिले तरी चालेल. शक्य तेथें दुसरी खूण मागणारी सोय पत्करणें. आणि फोनवरून कोणींही मागितला तरी बँकेचा ओटीपी न सांगणें, एवढा वांटा घरधन्याचा. तो टाळणें गैर. बाकीचा भार यंत्रें घडविणारांचा, माहिती सांठविणारांचा आणि कायद्याचा. परंतु आज चोरी झाली कीं लुबाडलेला मनुष्य स्वतःलाच बोल लावीत बसतो, आणि ज्याच्या हातीं कोठाराच्या किल्ल्या, तो त्याला सावधगिरीचें आणखी एक पत्रक पाठवून मोकळा होतो. पहारेकऱ्यानें झोंपावें आणि घरधन्यानें रात्रभर जागावें, हा न्याय नव्हे.