दप्तर, खांदा आणि लोकल

शाळकरी मुलाच्या पिशवीला मराठीत ‘दप्तर’ म्हणतात आणि हा शब्द तिच्याकडे कचेरीतून आला आहे. फारसी ‘दफ्तर’ म्हणजे हिशेबाची वही किंवा कागदपत्रांचा संग्रह. त्याचे मूळ कातडे असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दापर्यंत नेले जाते. पेशवाईत असे कागद चौकोनी कापडात, म्हणजे रुमालात, बांधून ठेवीत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील गठ्ठ्यांना आजही रुमाल हेच नाव आहे. रुमाल कागदाला सोयीचा होता, कारण बैठकीवरचा कारकून गाठ सोडून तो समोर पसरू शके. वाहणाऱ्याच्या अंगाचा विचार त्यात नव्हता. याउलट पडशी, म्हणजे खांद्यावर टाकण्याची दुतोंडी पिशवी, वाटसरूच्या अंगाला धरून शिवलेली असे, कारण तिचा एक भाग छातीवर आणि दुसरा पाठीवर येऊन भार आपोआप तोलला जाई.

पडशीतील हे शहाणपण शाळेच्या दप्तरात उतरले नाही. पाटी-पुस्तक काखोटीला मारून जाणारी मुले, मग घरी शिवलेली एका बंदाची कापडी पिशवी, पत्र्याची पेटी, पावसाळ्यासाठी डकबॅक छापाचे रबरी अस्तराचे दप्तर, असा हा क्रम आहे, आणि त्यात प्रत्येक वेळी जपले गेले ते पुस्तक. जपानमध्ये १८८५ च्या सुमारास गाकुशुइन या शाळेने सैनिकांच्या पाठपिशवीवरून मुलांसाठी दोन पट्ट्यांचे दप्तर घेतले. आपल्याकडे, ठाणे-कल्याणच्या बाजूला, दोन पट्ट्यांची पिशवी सर्रास दिसू लागली ती फार उशिरा, ‘सॅक’ या नावाने. एका बंदाच्या पिशवीने निरोगी मूलही एका बाजूला कलते, मग ज्याच्या शरीराची एकच बाजू पुरते काम करते त्या मुलाचे किती हाल होत असतील, हा प्रश्न त्या काळी दप्तर शिवणाऱ्याला कोणी विचारला नसावा.

तो प्रश्न विचारणारे शास्त्र मुंबईत आले ते कमला निंबकर यांच्यामुळे. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि मराठी घरात सून म्हणून आलेल्या निंबकरांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. व्यवसायोपचार म्हणजे कपडे घालणे, जेवणे, लिहिणे अशा नित्याच्या क्रियांतूनच माणसाला स्वावलंबी करण्याची उपचारपद्धती. तिच्या दृष्टीने सॅक ही एक वस्तू नसून क्रियांची साखळी असते: ती उचलणे, एक पट्टा चढवणे, मागचा हात दुसऱ्या पट्ट्यात घालणे, चेन ओढणे, हवी ती वही शोधणे आणि पुन्हा बंद करणे. यांपैकी कोणती कडी अडते हे पाहिल्याशिवाय केलेली खरेदी बहुधा फसते. बोटांत जोर नसेल तर चेनला मोठी कडी लागते. आवाजाने बिथरणाऱ्या स्वमग्न मुलाला वेल्क्रोची चरचर नकोशी होऊ शकते. चाकाच्या खुर्चीमागे अडकवलेली सॅक हाताला येत नाही आणि जड झाली तर खुर्चीच मागे कलंडण्याचा धोका असतो. शिवाय चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या इतरांसारखीच सॅक हवी असते. सोयीच्या नावाखाली लहान मुलांची चित्रे असलेली पिशवी त्याच्या पाठीवर चढवणे हा सोयीचा भाग नव्हे.

ठाणे जिल्ह्यात या साखळीत आणखी एक कडी येते, ती लोकलची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली, १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला आणि पुढे या मार्गावर गर्दीची स्वतःची शिस्त घडत गेली. चढताना पाठीवरची सॅक छातीवर घ्यायची, ही त्या शिस्तीतील एक रीत. तिच्यामुळे इतरांना धक्का लागत नाही आणि चोराचा हातही चेनपर्यंत जात नाही. परंतु सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहण्याची अवस्था, असलेल्या मुलाला दांडा धरायचा हात सोडून पट्टे उतरवणे आणि पुन्हा चढवणे जमत नाही. दिव्यांगांसाठी राखीव डबा मिळाला तरी फलाटावरची गर्दी तीच असते. म्हणून याच मार्गावरील डोंबिवलीच्या मुलासाठी सॅक पाहताना ती पाठीवर किती छान बसते याइतकेच ती छातीवर कशी बसते, हेही पाहावे लागते.

दप्तराच्या ओझ्याबाबत कायद्याची पावलेही मंद होती. १९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित केले, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या मुलासाठी साडेचार किलो. २०२० च्या राष्ट्रीय शालेय दप्तर धोरणाने दोन सारख्या, गादीदार पट्ट्यांचा आग्रह धरला आणि जिन्यावर इजा होईल म्हणून चाकांच्या दप्तराला नकार दिला. हा नकार सरसकट असल्यामुळे खांद्यावर भार पेलूच न शकणाऱ्या मुलाची अडचण त्यात निसटते. विशेष गरजा असलेल्या मुलांना पुस्तकांचे दोन संच, एक घरी आणि एक शाळेत, द्यावेत अशी शिफारसही या धोरणात आहे, पण ती प्राथमिक वर्गांसाठी. आणि पुस्तके जाड होत जातात ती नेमकी त्यानंतर.