जपान की न्यूझीलंड?

परवा रात्री भाचीचा फोन आला. लग्न डिसेंबरात आहे, दादरचा हॉल ठरलाय, केटररही ठरलाय. म्हटलं आता काय राहिलं?

"मामा, आमचं एका गोष्टीवर अडलंय. मला जपानला जायचंय आणि त्याला न्यूझीलंडला. तू सांग ना."

आता मधुचंद्राच्या बाबतीत मामाचं मत विचारणारी पिढी बघून मला आधी भरून आलं आणि मग हसू आलं. पण पोरांनी अभ्यास जोरदार केला होता. एक तक्ताच पाठवला मला. डिसेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, तर न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्वीन्सटाउनला रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड. जपानला थंडी, न्यूझीलंडला ऐन उन्हाळा. जपानला टोकियोहून क्योतोला बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांत, तिकडे स्वतः गाडी चालवत क्राइस्टचर्चहून क्वीन्सटाउनपर्यंत पावणेपाचशे किलोमीटर. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, आणि आपला इंग्रजीतला परवाना चालतो. पण मुंबईहून न्यूझीलंडला थेट विमान नाही, कुठेतरी उतरून बदलायचं. भाची शाकाहारी, आणि जपानात साध्या दिसणाऱ्या सुपातही माशाचा अर्क असतो. तरी जपान हवंय तिलाच! खर्चाचे आकडे दोन्हीकडे असे की मी चष्मा काढून पुन्हा लावला.

फोन स्पीकरवर होता. आई शेजारी वाती वळत बसली होती. सगळं ऐकून घेतलं तिने आणि एकच प्रश्न विचारला, "तिकडे दोघांना स्वतंत्र खोली मिळते ना?"

भाची खो खो हसली. मला मात्र हसता येईना, कारण तो प्रश्न विनोदी नव्हता. त्या प्रश्नात आमच्या घराचा आणि सगळ्या लालबाग-परळचा शंभर वर्षांचा इतिहास होता. तोच आज लिहून काढतोय.

माझे आजोबा मालवणहून बोटीने मुंबईत आले आणि गिरणीत लागले. आजी गावीच. गिरणगावात तेव्हा बहुतेकांचं असंच असे. बापे मुंबईत, एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून झोपायचंही पाळीपाळीने. जेवण खानावळीत. बायका गावी शेत, गुरं, सासूसासरे सांभाळत. नवराबायकोची भेट गणपतीला, शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. मधुचंद्र हा शब्द आजीच्या कानावर पडला असेल असं मला वाटत नाही. तिचा दूरदेश म्हणजे मुंबई, आणि तो बघायला तिला लग्नानंतर नऊ वर्षं लागली.

आईबाबांचं लग्न १९६८ सालचं. तोवर आजोबांना लालबागला चाळीत खोली मिळाली होती. दहा बाय बाराची. तीत आजी, आजोबा, दोन काका, एक आत्या आणि आता नवी सून. उरलेली माणसं गॅलरीत झोपत. बाबा गिरणीच्या ऑफिसात कारकून. त्यांनी बोनसमधून पैसे बाजूला ठेवले आणि आईला तीन दिवस माथेरानला नेलं. नेरळहून एकवीस किलोमीटरची ती छोटी गाडी, १९०७ सालापासून मुंबईकरांना वर नेणारी. आई आजही माथेरानचं वर्णन करते तेव्हा पॉइंट सांगत नाही, दरी सांगत नाही. "दाराला आतून कडी होती," एवढंच सांगते.

आता गंमत बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६७ साली, दोन सिनेमे आले. हिंदीत 'ॲन इव्हिनिंग इन पॅरिस' आणि मराठीत राजदत्त यांचा 'मधुचंद्र', काशिनाथ घाणेकर आणि उमा यांचा. हिंदीतली मंडळी पॅरिसला, आणि आमचं मराठी जोडपं मधुचंद्राला निघून पोचतं कुठे, तर तुरुंगात! त्याआधी १९६४ च्या 'संगम'मध्ये नवराबायको थेट युरोपात फिरून आले होते. लालबागच्या लोकांनी व्हेनिस पाहिलं ते असं, अंधारात बसून.

आणि हे फक्त गरिबीमुळे नव्हतं बरं का. १९६७ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सतवंतसिंग साहनी खटल्यात निकाल दिला की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. तोवर पासपोर्ट द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी होती. निकालानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. पण पासपोर्ट मिळाला तरी पुढे रिझर्व्ह बँक उभीच. परदेशाचं तिकीट काढायला 'पी फॉर्म'ची मंजुरी लागे. त्या काळात परदेशी गेलेल्या कुणालाही विचारा, 'आठ डॉलर' हा आकडा त्याला पाठ असतो. खिशात घेऊन जायला मिळायचे ते एवढेच. आठ डॉलरमध्ये कसला मधुचंद्र!

मग आमच्यासारख्यांचं जग फिरणं व्हायचं ते वाचनालयात. आपल्या गावदेवीत जन्मलेल्या पु.लं.नी 'अपूर्वाई'तून विलायत दाखवली आणि 'पूर्वरंग'मधून जपानपर्यंतची पूर्व. दोन्हीकडे सुनीताबाई बरोबर. बाबांनी ती दोन्ही पुस्तकं इतक्यांदा आणली की कार्डावर तीच तीच नावं. पश्चिम की पूर्व, हा प्रश्न बाबांनाही पडला होता तर. फक्त त्यांचा तो चार आण्यांत सुटायचा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, साठेक गिरण्या. आमच्या घरात त्यानंतर बरीच वर्षं फिरण्याचा विषयच निघाला नाही. तो संप, त्या बंद गिरण्या यांवर पुष्कळांनी लिहिलंय, मी नव्याने लिहीत नाही. पण याच सुमाराला, १९८४ मध्ये, केसरी पाटलांनी 'केसरी टूर्स' सुरू केली, आणि पुढे मराठी मध्यमवर्ग घोळक्याने जग बघू लागला. त्यातूनच 'हनिमून स्पेशल' सहली निघाल्या. वीस-पंचवीस नवी जोडपी, एक बस, आणि पुढे माइक घेऊन टूर लीडर! लोक हसतात याला. मी नाही हसत. चाळीत वाढलेल्या माणसाला खोली स्वतंत्र हवी असते, पण जेवायला पंगत असली की बरं वाटतं.

१ जून २००० ला 'फेमा' कायदा लागू झाला आणि 'फेरा' गेला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली, आणि २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलर ते अडीच लाख डॉलर! आईच्या एका आयुष्यात.

असो. आता माझं सांगतो, कारण ते न सांगता भाचीला सल्ला देणं लबाडी होईल.

माझं लग्न १९९६ चं. परदेश आवाक्यात नव्हता, पण निवड होती. मनाली की उटी. मी उटी ठरवली. मित्राच्या ओळखीने खोली स्वस्तात मिळत होती. तिकिटं काढून आणली आणि बायकोच्या हातात ठेवली, मोठ्या ऐटीत. ती छान म्हणाली. आम्ही गेलो, मजेत राहिलो. अकरा वर्षांनी, काहीतरी भलतंच बोलणं चाललेलं असताना, ती म्हणाली, "मला बर्फ बघायचा होता." रागाने नाही, सहज. मी म्हटलं, मग सांगायचं ना. ती म्हणाली, "तू विचारलं कुठे?"

२०१४ मध्ये आम्ही मनालीला गेलो. बर्फ होता. ती बराच वेळ नुसती उभी राहिली, हातमोजे काढून. मी फोटो काढायचं विसरलो.

आजोबांच्या वेळी गिरणीच्या पाळीने ठरवलं, बाबांच्या वेळी खोलीने आणि रिझर्व्ह बँकेने. माझ्या वेळी ठरवणारं बाहेरचं कुणी नव्हतं, तेव्हा ती जागा मीच घेतली आणि बायकोला त्यात बसूच दिलं नाही. आणि आता ही दोघं पहिल्यांदाच खरोखर एकमेकांसमोर बसलीत, मध्ये दोन देश घेऊन, तर तो प्रश्न मामाकडे पाठवतायत!

काल भाचीला फोन केला. म्हटलं, मी देश सांगणार नाही. तक्ता बाजूला ठेव आणि त्याला विचार की तुला न्यूझीलंडच का. तुलाही तो विचारेल. दोघांनी एकमेकांचं पूर्ण ऐकून घ्या, मग चिठ्ठी टाकलीत तरी चालेल.

रात्री तिचा निरोप आला. त्याला म्हणे लहानपणापासून दहा जणांत झोपून कंटाळा आलाय, त्याला दोन दिवस मैलभर अंतरात माणूस नको आहे. तोही परळच्या चाळीतलाच ना. आणि हिला मात्र गर्दीच्या शहरात कुणीही ओळखत नाही असं फिरायचंय.

कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. आईला सांगितलं. वाती डब्यात ठेवत म्हणाली, "म्हणजे दोघांना हवीय ती कडीच."